पोलिसांच्या गोळीबाराची बातमी कशी करायची: ठाणे-नवी मुंबईच्या वार्ताहरांसाठी

रात्री साडेनऊला क्राइम रिपोर्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार ओळी पडतात. 'आरोपीने पोलिसांवर हल्ला करून पळून जाण्याचा प्रयत्न केला असता स्वसंरक्षणार्थ करण्यात आलेल्या गोळीबारात तो जखमी झाला. रुग्णालयात दाखल करण्यात आले असता मृत घोषित करण्यात आले.' दहाला पान सोडायचं असतं. डेस्क चारच्या सोळा ओळी करतं, वर 'खात्मा' चढवतं आणि पान जातं. पुढे दीड वर्षाने कोर्टात वेगळंच काही निघालं की तीच सोळा ओळींची बातमी गळ्यात येते.

पान उशिरा सोडा, असं आम्ही म्हणत नाही. त्याच अर्ध्या तासात बातमी धड करता येते. त्यासाठी नियम एकच: बातमीतल्या प्रत्येक वाक्याला मालक हवा. कुणी केलं, कुणी पाहिलं, कुणी सांगितलं, यातलं एक तरी वाक्यात दिसलं पाहिजे. पुढचं सगळं याच नियमाचा विस्तार आहे.

आधी व्याकरण

सरकारी मराठीतला 'करण्यात आला' हा प्रयोग कर्त्याला लपवतो. 'गोळीबार करण्यात आला' या वाक्यात गोळी कुणी झाडली ते नाही. 'गोळीबारात मृत्यू झाला' यात तर गोळी आपोआप सुटल्यासारखी वाटते. कर्तरी करा: 'क्राइम ब्रँचच्या एका अधिकाऱ्याने झाडलेली गोळी लागून तो मेला, असं पोलिसांनी सांगितलं.' वाक्य लांबलं तरी चालेल, कर्ता आला पाहिजे.

ही खोड फक्त मराठीची नाही. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला. त्यावर तिथल्या पोलिसांनी काढलेल्या पहिल्या पत्रकाच्या मथळ्याचा अर्थ साधारण असा होता: पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय घटनेनंतर एकाचा मृत्यू. पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त वेळ मानेवर गुडघा दाबून ठेवला, हे त्यात नव्हतं. ते जगाला कळलं डार्नेला फ्रेझियर या १७ वर्षांच्या मुलीने फुटपाथवरून काढलेल्या व्हिडिओमुळे. पत्रकातलं वाक्यन् वाक्य व्याकरणाने शुद्ध होतं, फक्त कर्ता गायब होता.

'चकमक' हा शब्दही जपून वापरा. चकमक म्हणजे दोन्ही बाजूंनी हत्यार चाललं, असं त्यात गृहीत आहे. समोरच्याने गोळी झाडल्याचं फक्त पोलीस सांगत असतील, तर पहिल्या दिवशी 'पोलिसांचा गोळीबार' एवढंच लिहा. ते कुठल्याही तपासाअंती खोटं ठरत नाही. 'कंठस्नान', 'यमसदनी', 'खात्मा', 'गेम' हे शब्द पोवाड्यात नाहीतर गँगच्या तोंडी शोभतात. 'चकमकफेम अधिकारी' हे विशेषण तर आपल्याच धंद्याने तयार केलं. ज्या मृत्यूंची चौकशी कायद्याने सक्तीची आहे, त्यांचा आकडा कुणाची ओळख म्हणून छापणं गैर आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. पोलिसांनी 'माहिती दिली' आणि नातेवाइकांनी 'आरोप केला' असं लिहिलं, की वाचकाच्या मनात निकाल लागतो. दोघांना एकच क्रियापद द्या. 'पोलिसांचं म्हणणं', 'आईचं म्हणणं'. 'दावा' वापरायचा तर दोघांनाही वापरा.

नमुन्यादाखल एक मथळा, घटना काल्पनिक: 'सराईत दरोडेखोराला कंठस्नान, पोलिसांवर हल्ला भोवला'. याचं करा: 'पोलिसांच्या गोळीने तरुणाचा मृत्यू, त्याने आधी कोयता उगारला, असं पोलिसांचं म्हणणं'. अक्षरं वाढतात, दोन कॉलम लागतात. लागू द्या.

पहिल्या तासात विचारायचे प्रश्न

पीआरओंना (पोलिसांच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांना) फोन लावताना 'काय झालं?' असं विचारू नका. उत्तर म्हणून प्रेसनोटच परत ऐकायला मिळते. मोजता येतील असे प्रश्न विचारा:

किती राउंड फायर झाले, कुणाच्या शस्त्रातून किती? पुंगळ्या (झाडलेल्या गोळ्यांची रिकामी आवरणं) किती सापडल्या? गाडीत किंवा जागेवर एकूण पोलीस किती होते, गणवेशात किती? मृत ताब्यात होता का, आणि ताब्यात असेल तर बेड्या होत्या का? गोळी लागल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत किती वेळ गेला? जखमी पोलिसाला कुठे काय लागलं, आणि त्याला कुठे दाखल केलं?

राउंड आणि पुंगळ्यांचा हिशोब जुळला नाही तर घाईने निष्कर्ष काढू नका. पुंगळी गटारात जाते, गाडीच्या सीटखाली अडकते. पण दोन्ही आकडे बातमीत आजच नोंदवून ठेवा, उद्या ते 'नंतर सांगू' होतात. वेळेचंही तसंच. प्रेसनोटमधली वेळ, रुग्णालयाच्या कॅज्युअल्टी रजिस्टरमधली वेळ आणि घटनास्थळाच्या आसपासच्या कुणी सांगितलेली वेळ या तिन्ही वेगवेगळ्या लिहा. तिघांची सरासरी काढून 'साधारण सहाच्या सुमारास' लिहिणं हा सर्वांत मोठा घोळ.

वेळ किती महत्त्वाची असते, हे वाशीच्या लोकांना ठाऊक असायला हवं. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीतून उचललं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात तो पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. त्याच्या वकील भावाने उचलल्याचं कळताच, गोळीबाराच्या आधी, पोलिसांच्या वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. तारेवर ती पाठवल्याची वेळ असायची. तिने पोलिसांच्या कथनाला तडा दिला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवलं. सुटलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याची सुटका मुंबई उच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी रद्द करून जन्मठेप दिली. दरम्यान, लखनभैयासोबत उचललेला साक्षीदार साक्षीआधीच, २०११ मध्ये, बेपत्ता होऊन मृत सापडला. आज तारेच्या जागी व्हॉट्सअॅप, ईमेल आणि कॉल रेकॉर्ड आहेत. नातेवाइकांना पहिलाच प्रश्न विचारा: तुम्ही कुणाला, किती वाजता, काय कळवलं? स्क्रीनशॉटवर थांबू नका. मूळ फोनमध्ये मेसेजच्या तपशिलातली वेळ बघा. साक्षीदाराचं नाव मात्र छापण्याआधी दहादा विचार करा.

हद्द कुणाची

नवी मुंबईत इथेच सर्वांत जास्त चुका होतात. पोलीस आयुक्तालय एक, पण महसुली जिल्हे दोन. वाशी, तुर्भे, रबाळे, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, तळोजा, कळंबोली, पनवेल, उरण रायगडमध्ये. म्हणजे खारघरला घटना घडली तर आयुक्त बेलापूरला, जिल्हाधिकारी अलिबागला. दंडाधिकाऱ्यांकडच्या कागदांसाठी ठाण्याच्या कचेरीत खेटे घालणारे वार्ताहर दर वेळी असतातच. तळोजा कारागृहही रायगडच्या बाजूला येतं. तिथून कैद्याला घेऊन निघालेली गाडी शीळ-मुंब्र्याच्या दिशेला लागली की जिल्हा आणि आयुक्तालय दोन्ही बदलतात. म्हणून आधी नकाशावर जागा टाका. कुठल्या पोलीस ठाण्याची हद्द, कुठला तालुका, हे ठरवा. मगच कुणाला फोन करायचा ते ठरेल.

'गुन्हा दाखल' म्हणजे कुणावर?

'याप्रकरणी गुन्हा दाखल करण्यात आला आहे' हे वाक्य अर्धं आहे. पोलिसांच्या गोळीबारानंतर बऱ्याचदा पहिला गुन्हा मेलेल्या माणसावरच असतो: भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, खुनाचा प्रयत्न, आणि कलम १३२, सरकारी नोकरावर हल्ला. मृत्यूची नोंद वेगळी, एडीआर म्हणजे अकस्मात मृत्यू म्हणून होते. वाचकाला मात्र वाटतं की पोलिसांवर गुन्हा दाखल झाला. त्यामुळे तीन गोष्टी लिहा: गुन्हा क्रमांक, फिर्यादी कोण, आरोपी कोण. एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. संवेदनशील गुन्ह्यांना त्यातून सूट आहे आणि हीच सूट इथे पुढे केली जाते. ती केली तर तेही बातमीत लिहा.

मग चौकशी कुठली, हे नीट समजून घ्या. 'न्यायालयीन चौकशीचे आदेश' हा मथळा दहापैकी आठ वेळा चुकीचा असतो, असं आमचं निरीक्षण आहे. प्रांत अधिकारी करतात ती कार्यकारी दंडाधिकाऱ्याची चौकशी. न्यायदंडाधिकारी करतात ती वेगळी. आणि सरकार निवृत्त न्यायमूर्ती नेमतं तो चौकशी आयोग, १९५२ च्या कायद्याखालचा. सीआयडीचा तपास या तिन्हींपेक्षा निराळा. माणूस कोठडीत असताना मेला तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६(२) लागतं, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी. आदेशाची प्रत मिळेपर्यंत फक्त 'दंडाधिकारी चौकशी' लिहा आणि पुढच्या बातमीत दंडाधिकारी कोणते ते सांगा.

सर्वोच्च न्यायालयाची यादी खिशात ठेवा

२३ सप्टेंबर २०१४ रोजी पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या गोळीबारातल्या मृत्यूंसाठी १६ सूचना दिल्या. खटला आपल्याच भागातला: १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू. वार्ताहराच्या कामाच्या सूचना एवढ्या:

खबर मिळाली असेल तर ती आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदवायची. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा आणि देखरेख करणारा अधिकारी गोळीबाराच्या पथकप्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरचा हवा. पोस्टमार्टेम जिल्हा रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांनी करायचं, त्याचं चित्रीकरण जपायचं. रक्त सांडलेली माती, केस, धागे, पुंगळ्या, हाताचे ठसे, हातावरचे बंदुकीच्या दारूचे अवशेष हे सगळं गोळा करायचं. गोळी झाडलेली शस्त्रं जमा करायची. राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोगाला विनाविलंब कळवायचं. नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचं. आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत लगेचचं बक्षीस किंवा आगाऊ बढती नाही.

यातली प्रत्येक सूचना हा एक प्रश्न आहे. 'सीआयडीकडे तपास गेला का?' हे सगळेच विचारतात. 'खबरीची नोंद स्टेशन डायरीत किती वाजता झाली?' हे कुणी विचारत नाही. उत्तर मिळालं नाही तरी 'विचारलं, उत्तर मिळालं नाही' ही छापण्यासारखी ओळ आहे. सत्काराचे पेढे वाटतानाचा फोटो आला तर शेवटची सूचना आठवा आणि त्याच फोटोखाली दोन ओळींत लिहा.

त्या निकालाला बरोब्बर दहा वर्षं झाली त्या दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ ला, मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत एक कच्चा कैदी गोळी लागून मेला. तळोजा कारागृहातून त्याला नेत होते. पोलिसांचं म्हणणं: त्याने अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, एक पोलीस जखमी झाला, म्हणून दुसऱ्या अधिकाऱ्याने गोळी झाडली. कळव्याच्या रुग्णालयात नेलं, पोस्टमार्टेम मुंबईत जे. जे. रुग्णालयात झालं. सीआयडी, दंडाधिकारी आणि एक सदस्यीय आयोग अशा तीन चौकश्या सुरू झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयात उघडला गेला, त्यात पाच पोलिसांना मृत्यूस जबाबदार धरलं होतं. फेब्रुवारीत आईवडिलांनी प्रकरण पुढे न्यायचं नाही, असं सांगितलं. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने तरीही एसआयटीचा आदेश दिला. म्हणजे कुटुंब मागे हटलं तरी बातमी मिटत नाही.

पहिल्या रात्री पेढे वाटल्याच्या आणि फलक लागल्याच्या बातम्या सगळीकडे चालल्या. त्या खोट्या नव्हत्या. पण त्या मुख्य बातमी झाल्या आणि 'गाडीत किती पोलीस होते, बेड्या होत्या का' हे प्रश्न आतल्या पानावर गेले, नंतर उच्च न्यायालयात विचारले गेले. मूळ गुन्हा लहान मुलींवरच्या अत्याचाराचा होता. तिथे आणखी एक सापळा आहे: पॉक्सो कायद्याचं कलम २३. पीडितेचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर यांपैकी ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. आरोपीचा मृत्यू झाला म्हणून ही बंदी उठत नाही. गावाचं आणि आरोपीचं नाव आम्ही इथेही मुद्दाम घेतलेलं नाही. मृत व्यक्ती स्वतः अल्पवयीन असण्याची शक्यता असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लागतं. वयाचा दाखला हाती येईपर्यंत नाव थांबवा.

पोस्टमार्टेम आणि सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट वाचताना

प्राथमिक पोस्टमार्टेममध्ये मृत्यूचं कारण असतं, कथा नसते. त्यात शोधायचं ते जखमांची संख्या, गोळी आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची जागा, दिशा आणि जखमेभोवतीचं वर्णन. पिस्तुलाच्या बाबतीत साधारण फुटभराच्या आतून गोळी झाडली तर जखमेभोवती काजळी दिसते. न जळलेल्या दारूचे बारीक ठिपके दोनेक फुटांपर्यंत दिसतात. त्यापलीकडून झाडलेल्या गोळीत दोन्ही नसतात. पण मध्ये जाड कपडा असेल तर काजळी कपड्यावर राहते. म्हणून 'काजळी नाही, म्हणजे लांबून झाडली' असं तुम्ही लिहू नका. डॉक्टरांना विचारा, कपडे कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले का ते विचारा, आणि अंतराचं मत सीए रिपोर्टवर सोडा. तो यायला महिने लागतात.

'पाठीत गोळी' हा तपशील एकटा सगळं सांगत नाही, पण तो लपवूही नये. ४ एप्रिल २०१५ रोजी अमेरिकेत नॉर्थ चार्ल्सटनमध्ये वॉल्टर स्कॉट मेला, तेव्हा पोलिसाचं म्हणणं होतं की त्याने टेझर (विजेचा झटका देणारं हत्यार) हिसकावला. वाटेने जाणाऱ्याच्या व्हिडिओत तो पाठ करून पळताना दिसला. शिकागोत लक्वान मॅकडॉनल्ड या १७ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत, २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री तो चाकू घेऊन अंगावर आला, असं सांगितलं गेलं. काही महिन्यांनी एका पत्रकाराने शवचिकित्सेचा अहवाल मिळवला: १६ गोळ्या. दुसऱ्या पत्रकाराने माहितीच्या कायद्याखाली गाडीच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण मागितलं, कोर्टात गेला, आणि ते २४ नोव्हेंबर २०१५ ला बाहेर आलं. २०१८ मध्ये तो पोलीस दोषी ठरला.

व्हिडिओ आणि सीसीटीव्ही

सोसायटीचा, दुकानाचा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रीकरण साठवणारं यंत्र) साधारण १५ ते ३० दिवसांत जुनं पुसतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी मागा. डीव्हीआरचं घड्याळ जवळजवळ नेहमीच पुढे-मागे असतं. स्क्रीनवरची वेळ आणि तुमच्या मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्या, फरक लिहून ठेवा. हे केलं नाही तर पुढे सगळा कालक्रम सात-आठ मिनिटांनी घसरतो. व्हॉट्सअॅपवरून साधा व्हिडिओ आला तर तो दाबलेला असतो आणि मूळ नोंदी गेलेल्या असतात. पाठवणाऱ्याला तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा किंवा पेनड्राइव्हवर घ्या. मूळ फाइलला हात लावू नका, कापाकाप प्रतीवर करा.

पोलीस ठाण्यांतल्या सीसीटीव्हीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा आदेश आहे: चित्रीकरण १८ महिने ठेवायचं, सोय नसेल तिथे किमान एक वर्ष. 'फुटेज उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर हा आदेश समोर ठेवून पुन्हा विचारा. माहिती अधिकारात मागायचं तर महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो. म्हणून फुटेज, स्टेशन डायरी आणि शस्त्र नोंदवही यांचे तीन वेगळे अर्ज करा. एकत्र केलात तर पहिल्याच टप्प्याला परत येतो. कलम ८(१)(एच) म्हणजे तपासात अडथळा येईल, हे उत्तर बहुधा येईलच. अडथळा कसा येतो ते सांगणं माहिती अधिकाऱ्याचं काम आहे. अपिलात तेवढंच धरून ठेवा.

'त्याच्यावर १४ गुन्हे'

हा आकडा फोडून मागा. त्यात दोषसिद्धी किती, निर्दोष किती, प्रलंबित किती, आणि चॅप्टर केस किती? चॅप्टर केस ही प्रतिबंधक कारवाई आहे, शिक्षा नाही. तडीपारीची नोटीस हीसुद्धा नाही. ई-कोर्टवर नाव टाकून अर्ध्या तासात बरंच सापडतं, पण एकाच नावाचे चार जण निघतात. वडिलांचं नाव आणि पोलीस ठाणं जुळल्याशिवाय काहीही उचलू नका. पूर्वीचे गुन्हे त्या क्षणी गोळी झाडणं योग्य होतं का याचं उत्तर देत नाहीत. त्यामुळे ते पाचव्या परिच्छेदात जातात, मथळ्यात नाही.

फोटोचंही हेच. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहरात मायकल ब्राउन पोलिसाच्या गोळीने मेला, तेव्हा अनेक कृष्णवर्णीय तरुणांनी स्वतःचे दोन-दोन फोटो टाकून विचारलं होतं की मला मारलं तर तुम्ही यातला कुठला छापाल? पाटी धरलेला पोलिसांचा फोटो आणि बहिणीच्या लग्नातला फोटो, दोन्ही त्याचेच. एकच छापायचा तर साधा ओळखपत्राचा घ्या.

जात, धर्म, वंश

प्रेस कौन्सिलचा नियम सोपा आहे: जातीचा उल्लेख टाळा, विशेषतः तिथे, जिथे तो त्या जातीवर ठपका ठेवतो. पण टाळणं म्हणजे झाकणंही नव्हे. कसोटी अशी: तो तपशील काढला तर बातमी कळायची राहते का? कुटुंबाने अॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार केली असेल तर जात बातमीचा भाग आहे. 'पारधी टोळी जेरबंद' या मथळ्यात तिची गरज नाही. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. मथळ्यातला 'सराईत' मात्र तोच शिक्का चालवतो. ३ ऑक्टोबर २०२४ चा तुरुंगातल्या जातिभेदाविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एका पत्रकाराच्या बातम्यांतून आणि तिच्याच याचिकेतून आला, विमुक्त जमातींवरच्या याच शिक्क्याची दखल त्यात आहे.

मुंब्र्याची डेटलाइन लागली की विशेषणं आपोआप बदलतात. १५ जून २००४ रोजी अहमदाबादजवळ चौघं मारले गेले, त्यांत मुंब्र्याची १९ वर्षांची विद्यार्थिनी होती. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने नेमलेल्या एसआयटीने चकमक खरी नसल्याचं म्हटलं, २०१३ मध्ये सीबीआयने आरोपपत्र दिलं, पुढे सरकारी मंजुरी नाकारली गेल्यावर अधिकारी आरोपमुक्त झाले. ज्यांनी पहिल्या दिवशी 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' लिहिलं, त्यांना या चारही टप्प्यांत मागची ओळ खोडावी लागली नाही.

खारघर-तळोजा-कोपरखैरणे भागातली खोड वेगळी: आफ्रिकी दिसणारा प्रत्येक जण 'नायजेरियन'. पासपोर्ट पाहिल्याशिवाय देश लिहू नका, युगांडाचा किंवा घानाचाही असू शकतो. परदेशी माणूस गोळीबारात जखमी झाला किंवा मेला तर वकिलातीला कधी कळवलं, हा प्रश्न विचारायचा राहतोच.

एजन्सीची अमेरिकी कॉपी मराठीत आणताना

डेस्कवर ठरलेल्या चुका. 'ऑफिसर' म्हणजे तिथे कुठलाही पोलीस, सरसकट 'अधिकारी' लिहू नका. 'शॉट' म्हणजे गोळी लागली, ठार नव्हे. 'फोर ऑफिसर्स फायर्ड' म्हणजे चौघे बडतर्फ. फ्लॉइड प्रकरणात नेमकं हेच झालं होतं, तिथे गोळी झाडलीच गेली नव्हती. 'डेप्युटी' म्हणजे शेरिफचा शिपाई, उपायुक्त नव्हे. 'इंडाइटेड' म्हणजे औपचारिक आरोप ठेवला, दोषी नव्हे. 'कृष्णवर्णीय' मराठीत रुळलेला आणि सभ्य शब्द आहे. 'अश्वेत' हिंदीतून येतो, 'निग्रो' कधीच नको. 'वर्णभेद' लिहिताना लक्षात ठेवा की आपल्याकडे वर्ण म्हटलं की चातुर्वर्ण्य आठवतं. संदर्भ अमेरिकेचा असेल तर 'वंशभेद' जास्त नेमका.

आकडे तर भलतेच फसवतात. तिथल्या सरकारकडे पूर्ण मोजणी नव्हती, म्हणून वॉशिंग्टन पोस्टने २०१५ पासून पोलिसांच्या गोळीने झालेले मृत्यू स्वतः मोजले. वर्षाला साधारण हजार. संख्येने गोरे जास्त, पण लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त. दोन्ही विधानं खरी आहेत, एकच छापलं तर दिशाभूल. समजा, एका शहरात ६० लाख गोरे आणि १४ लाख कृष्णवर्णीय आहेत, वर्षात अनुक्रमे १२ आणि ७ मेले. दहा लाखांमागे २ आणि ५. मेलेले गोरे जास्त, धोका कृष्णवर्णीयांना अडीच पट. ही चौकट छोटी करून बातमीशेजारी लावा. आपल्याकडचे आकडे संसदेतल्या उत्तरांत मिळतात, पण मानवी हक्क आयोगाचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि एनसीआरबीचं (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं) जानेवारी ते डिसेंबर. एका तक्त्यात दोन्ही घातले की बेरीज बिघडते. आणि जिल्ह्यातल्या तीन-चार प्रकरणांवर टक्केवारी काढू नका, सरळ 'चारपैकी तीन' लिहा.

पाठपुरावा

डायरीत तारखा घाला. पोलीस कारवाईतला मृत्यू ४८ तासांत, कोठडीतला २४ तासांत मानवी हक्क आयोगाला कळवायचा असतो. तिसऱ्या दिवशी विचारा, कळवला का. दंडाधिकारी चौकशी शक्यतो तीन महिन्यांत संपवायची असते, म्हणून नव्वदाव्या दिवशी फोन. १५ जानेवारी आणि १५ जुलै या तारखांपर्यंत पोलीस महासंचालकांनी सहामाही तक्ता आयोगाला द्यायचा असतो. चौकशीत त्रुटी वाटली तर कुटुंबाला सत्र न्यायाधीशांकडे जाता येतं, हे बऱ्याच कुटुंबांना माहीत नसतं. तुम्ही वकील नाही, पण तेवढी ओळ बातमीत लिहायला हरकत नाही.

नवं काही निघालं की जुनी ऑनलाइन बातमी तशीच सोडू नका. वर तारखेसह दुरुस्तीची टीप द्या, मथळा बदला, मूळ मथळा टिपेत नोंदवा. लिंकमधला 'खात्मा' मथळा बदलला तरी राहतो, तो वेब टीमला सांगून वेगळा बदलून घ्यावा लागतो. जुन्या फोटोखालची ओळ तर हमखास विसरली जाते आणि पुढच्या बातमीला तोच फोटो त्याच ओळीसकट आपोआप लागतो.